पहिलीचा वर्ग, पहिल्यांदाच : जून २०२४ ते मे २०२५

मागच्या वर्षी एप्रिलच्या शेवटी शाळेत कामवाटप झालं आणि माझ्या नावापुढे पहिली आली. अकरा वर्षं मी पाचवी ते सातवीला भाषा आणि इतिहास शिकवत होते, तिथे येणारं मूल वाचत-लिहीतच येतं असं धरून चालायचं. पहिलीच्या मॅडमची बदली झाली, बैठकीत सगळे खाली बघत होते, मीही खालीच बघत होते, पण सर म्हणाले यंदा तुम्ही घ्या. घरी येऊन पहिलीचं पुस्तक उघडलं आणि खरंच घाबरले. मला वाचता येतं, पण ते मला कसं आलं हे मला अजिबात आठवत नव्हतं. मग दुसऱ्याला कसं शिकवणार?

आता वर्ष संपलंय. माझ्यासारखं कोणाच्या नावापुढे अचानक पहिली आली असेल तर थोडी मदत व्हावी म्हणून जसं घडलं तसं लिहितेय. आमची शाळा जिल्हा परिषदेची, नाशिकहून गिरणाऱ्याच्या बाजूला, गावाचं नाव लिहीत नाही. आजूबाजूला द्राक्षबागा, टोमॅटो, थोडी भातशेती. पहिलीचा पट जूनमध्ये २४.

मे महिना अर्धा निवडणुकीत गेला. २० मेला नाशिकचं लोकसभेचं मतदान होतं, त्याचं प्रशिक्षण, मग साहित्य ताब्यात घेणं, मग ती रात्र. ते सगळं उरकल्यावर तयारीला लागले. दोन गोष्टी केल्या, त्यातली एक फारच उपयोगाची ठरली. सार्वजनिक वाचनालयात (आपलं १८४० सालचं, मी लहानपणापासून तिथली सभासद) जाऊन मुलांची पुस्तकं चाळली, म्हणजे सहा वर्षांच्या मुलाला काय वाचून दाखवता येईल याचा थोडा अंदाज आला. आणि गावातल्या अंगणवाडी ताईंकडे जाऊन दोन दुपारी बसले. हीच ती उपयोगाची गोष्ट. माझ्या वर्गात येणारं जवळजवळ प्रत्येक मूल त्यांना तीन वर्षांचं असल्यापासून माहीत होतं. कोण बोलतं, कोण फक्त आजीशी बोलतं, कोणाच्या घरी अहिराणी, कोणाला गोष्ट ऐकायला आवडते पण गोल करून बसवलं की पळून जातं, सगळं त्यांनी सांगितलं आणि मी वहीत उतरवून घेतलं. पहिली मिळाली तर आधी अंगणवाडीत जा. काही खर्च नाही, कोणाची परवानगी नाही.

१५ जूनला शनिवार होता, सकाळची शाळा. प्रवेशोत्सव, गुलाबाचं फूल, पुस्तकं, फोटो. चार मुलं रडली, एक तर गेटाला धरून. मी ठरवलं होतं की पहिले दोन आठवडे अक्षर काढायचंच नाही. गाणी, गप्पा आणि रोज शेवटची पंधरा मिनिटं गोष्ट वाचून दाखवायची. तोंडी सांगायची नाही, पुस्तक हातात धरून, चित्र त्यांच्याकडे करून, शब्दाखालून बोट फिरवत वाचायची. हे बोट फिरवणं मला आधी उगाच वाटायचं. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक मुलगा म्हणाला, मॅडम, तुम्ही बोट इकडून तिकडे नेता आणि मग परत खाली इकडून सुरू करता. म्हणजे बोलणं कागदावर डावीकडून उजवीकडे चालतं आणि ओळ संपली की खाली उतरतं, हे त्याने स्वतः शोधलं. आपल्याला हे शिकवायची गोष्ट आहे असं वाटतच नाही इतकं ते आपल्या अंगवळणी पडलेलं असतं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात नावाच्या पट्ट्या केल्या. खरेदी मेन रोडला जाऊन एकदाच केली. कार्डशीट १२ (१२० रुपये), कपड्याचे चिमटे दोन डझन (७०), सुतळी ३०, जाड मार्कर चार (१००) आणि खाकी कागद २० (१२०). एकूण ४४०. प्रत्येकाच्या नावाची पट्टी, नावाशेजारी त्याने स्वतः निवडलेलं चित्र, कोणी ट्रॅक्टर, कोणी कोंबडी, कोणी नुसताच गोल. सकाळी आल्यावर टेबलावरून आपली पट्टी शोधायची आणि सुतळीवर चिमट्याने लावायची, ही हजेरी. महिन्याभराने चित्रं कापून टाकली, नुसतं नाव ठेवलं. वर्गात 'सा'ने सुरू होणारी चार नावं होती आणि त्यावरून रोज भांडण व्हायचं, ही माझी, नाही माझी. त्या भांडणातच त्यांनी 'सा'च्या पुढचं अक्षर बघायला सुरुवात केली. तुमच्या वर्गात सारख्या सुरुवातीची नावं असतील तर त्या पट्ट्या मुद्दाम शेजारी शेजारी ठेवा.

जुलैमध्ये एक दिवस गावात फेरी काढली, लिहिलेलं काय काय दिसतं ते बघायला. ग्रामपंचायतीचा फलक, किराणा दुकानाची पाटी, पाण्याच्या टाकीवरचं लिखाण, एसटीच्या कपाळावरचं 'नाशिक'. द्राक्षाच्या पॅकिंगच्या शेडसमोर आलो तर निम्मी मुलं ओरडली, द्राक्ष! बोर्डावर खरंच 'द्राक्ष' लिहिलं होतं. आता द्र आणि क्ष दोन्ही जोडाक्षरं, आपल्या पद्धतीने हा शब्द सगळ्यात शेवटी यायचा. अर्थात ते वाचत नव्हते, चित्रासारखं ओळखत होते, आणि त्याला वाचन म्हणून मी स्वतःची फसवणूक केली नाही. पण अक्षरं म्हणजे शाळेतली कसलीतरी शिक्षा नाही, ती आपल्या बागेच्या फाटकावर पण असतात, एवढं त्या दिवशी त्यांना कळलं. परत येऊन 'द्राक्ष' मोठ्ठं लिहून भिंतीवर लावलं, ते वर्षभर तिथेच होतं.

याच महिन्यात पालकांच्या तक्रारी सुरू झाल्या. वही कोरी आहे. शहरात इंग्रजी मीडियमला जाणारा भाचा शंभरपर्यंत लिहितो, आमचं अजून गाणीच म्हणतंय. एका आजोबांनी गेटवर सगळ्यांसमोर विचारलं की मॅडम, शिकवायला कधी लागणार? मला खूप लागलं ते, त्या रात्री झोप नाही आली, वाटलं बाराखडी सुरू करून टाकू आणि मोकळं होऊ. मग विद्याप्रवेशचं पुस्तक परत काढलं. पहिलीच्या मुलांसाठी पहिल्या तीन महिन्यांचा खेळातून तयारीचा हा कार्यक्रम एनसीईआरटीनेच (देशपातळीवर अभ्यासक्रम आणि पुस्तकं करणारी सरकारी संस्था) दिलेला आहे, २०२१ पासून. माता-पालक गटाच्या बैठकीत ते पुस्तक घेऊन गेले आणि वाचून दाखवलं. त्याचा उपयोग झाला, पण खरा उपयोग झाला तो तिथे खेळलेल्या भेंड्यांचा. आयांना म्हटलं चला, आपण गावांच्या नावांच्या भेंड्या खेळू, दिंडोरी, मग री, रावळगाव चालेल का, नाही नाही री पाहिजे, असा दंगा झाला. मग सांगितलं की शब्दाचा शेवटचा आवाज पकडायला तुम्हाला येतो म्हणून हा खेळ जमतो, तुमच्या मुलांना तो अजून येत नाही, आणि तो कानाला आला नाही तर डोळ्याला अक्षर दाखवून उपयोग नाही. लीडर माता (गटाचं पुढारपण करणाऱ्या आया) म्हणाल्या हे आम्ही भाकरी करताना पण खेळू शकतो की. आणि खेळल्या खरंच.

वर्गातही आवाजाचे खेळ रोज दहा मिनिटं. शब्द म्हणायचा आणि टाळ्या वाजवायच्या, टो-मॅ-टो तीन, बा-ग दोन, द्रा-क्ष दोन. मग टोपलीतले खेळ, माझ्या टोपलीत 'म'ची वस्तू टाका, मका, मिरची, मांजर. 'मांजर' टोपलीत कसं टाकायचं यावर बराच वेळ गेला.

आता खरेदीचं सांगते, कारण यात बरेच जण अडकतात. वर्गात वाचनकोपरा करायचा तर पुस्तकं हवी आणि शाळेच्या कपाटातली पुस्तकं मोठ्या मुलांची होती, बारीक अक्षरांची. ८ जुलैला मी सरांकडे संयुक्त शाळा अनुदानातून (शाळेला सरकारकडून दरवर्षी मिळणारे किरकोळ खर्चाचे पैसे) पुस्तकं घेण्यासाठी अर्ज दिला. १९ जुलैला शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव झाला, ४,००० रुपयांपर्यंत. मग तीन दुकानांची दरपत्रकं, त्यात एकाने तारीखच टाकली नाही म्हणून परत फेरी. मग कळलं की अनुदानच अजून जमा नाही. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, ऑक्टोबरच्या मध्यात विधानसभेची आचारसंहिता लागली आणि नंतर बघू असं उत्तर मिळालं. पैसे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आले, पीएफएमएसवरून (सरकारी पैसे थेट खात्यात पाठवायची ऑनलाइन व्यवस्था) दुकानदाराला गेले आणि ६८ पुस्तकं २ जानेवारीला वर्गात आली. म्हणजे अर्जापासून जवळजवळ सहा महिने. तुम्ही करणार असाल तर अर्ज जूनच्या पहिल्याच बैठकीत द्या, ठरावाच्या नकलेवर अध्यक्षांची सही त्याच दिवशी घ्या, आणि छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य असला तरी बिलावर दुकानाचा जीएसटी नंबर आहे का बघून घ्या, आमचं एक बिल त्याच्यामुळे परत आलं होतं.

त्या सहा महिन्यांत मुलं थोडीच थांबणार होती. जुलैअखेर मी स्वतःच्या पैशांनी १८ पुस्तकं आणली, १,०५० रुपये, नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स अशी मिळून. शिवाय प्रथमच्या स्टोरीवीवर साइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, डाउनलोड करून प्रिंट काढायला परवानगी आहे, त्यातल्या पहिल्या पातळीच्या (पानावर एखादंच वाक्य असलेल्या) सात काढल्या. पुस्तकं कपाटात ठेवली नाहीत. मुलांच्या छातीएवढ्या उंचीवर सुतळी बांधली आणि मुखपृष्ठ समोर दिसेल अशी टांगली. पहिल्या महिन्यात पाच फाटली. पारदर्शक चिकटपट्टी तिथेच ठेवली आणि ज्याच्या हातून फाटेल त्याने माझ्याबरोबर बसून चिकटवायचं असं ठरलं, नंतर फाटणं आपोआप कमी झालं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अक्षरं सुरू केली. वर्णमालेच्या क्रमाने गेले नाही. आपल्या लिपीचं गणित एकदा करून बघा, ३४ व्यंजनं आणि बाराखडीचे बारा, म्हणजे चारशेच्या वर आकार, आणि ॲ, ऑ धरून आता चौदाखडी. क पासून ज्ञ पर्यंत पाठ करून मग काना, मग वेलांटी असं गेलं तर पहिला अर्थाचा शब्द दिवाळीनंतर येतो. मी पहिला गट घेतला म, क, ब, ळ, र आणि काना. एवढ्यावर मका, काका, मामा, बाबा, बाळ, माळ, काळा, कमळ, बकरा सगळं होतं. दुसऱ्या आठवड्यातच मुलं शब्द बनवायला लागली, 'काळा बकरा' हे वर्गातलं पहिलं वाक्य. ताटात रवा पसरून बोटाने काढणं, पाठीवर बोटाने काढून ओळखायला लावणं, अंगणात खडूने मोठं काढून त्यावरून चालणं, आणि मग पाटी. ब-व, घ-ध, म-भ यांत गोंधळ सगळ्यांचाच होतो, ही जोडी एका गटात घेऊ नका, मी घ आणि ध एकाच आठवड्यात घेतले आणि दिवाळीपर्यंत निस्तरत बसले. पहिली वेलांटी पण अवघड जाते, कारण ती लिहायची आधी आणि बोलायची नंतर. 'कि'मध्ये आधी वेलांटी दिसते आणि मूल तिथेच अडतं. तेव्हा रागावू नका, त्याला दिसतंय ते बरोबरच दिसतंय.

सप्टेंबर वाईट गेला. पाऊस, गळकं छप्पर, गणपतीच्या सुट्ट्या, निम्मी मुलं गैरहजर, आणि मुलं शिकलेली अक्षरं ओळखायची पण पुस्तक उघडलं की पुन्हा चित्रंच बघायची. अक्षरं एकीकडे, वाचन एकीकडे. मला वाटायला लागलं की माझं काहीतरी मोठं चुकतंय.

वर्गात एक मुलगी होती जी जूनपासून बोललीच नव्हती. हजेरीला पट्टी लावायची, खेळात उभी राहायची, पण तोंडातून शब्द नाही. अंगणवाडी ताईंनी आधीच सांगितलेलं होतं म्हणून मी आग्रह केला नाही. १९ सप्टेंबरला सकाळी मी खाकी कागद भिंतीवर लावून विचारलं की काल घरी काय झालं. रोज विचारायचे, पण त्या दिवशी पहिल्यांदाच सांगितलेलं जसंच्या तसं मुलांच्या समोर लिहायचं ठरवलं होतं. एक म्हणाला पप्पा फवारणीला गेले, लिहिलं. एक म्हणाली आईने शेंगोळे केले, लिहिलं. आणि मागून आवाज आला, "आमची कपिला व्याली. कालवड झाली."

सगळा वर्ग वळून बघायला लागला. मी काही न बोलता लिहिलं, 'आमची कपिला व्याली. कालवड झाली.' शेवटी तिचं नाव. वाचून दाखवलं. त्या दिवशी ती चार वेळा उठून त्या कागदाजवळ गेली. जेवणाच्या सुट्टीत बघितलं तर एका मैत्रिणीला बोटाने दाखवत होती, हे कपिला, हे कालवड. दुसऱ्या दिवशी तो कागद काढून दुसरा लावायला गेले तर तिने कागदाचा कोपरा धरून ठेवला.

व्याली, कालवड, हे शब्द मी पहिलीला निवडलेच नसते. पण तिने आठवड्याभरात 'कालवड'मधला 'का' आणि 'काका'मधला 'का' एकच आहे हे येऊन मला सांगितलं. माझं जे चुकत होतं ते हेच होतं, मी अक्षरं देत होते पण बोलणं माझं होतं, मका आणि बकरा माझे होते. त्या दिवसापासून सकाळची पहिली तासिका या कागदाला दिली. रोज चार-पाच मुलांची वाक्यं, जशी बोलली तशी, समोर हळूहळू लिहायची, लिहिताना आवाज मोठ्याने म्हणायचा. मग सगळ्यांनी मिळून वाचायचं. मग कालच्या कागदावर आजचं अक्षर शोधायचं. आठवड्याचे कागद दोऱ्याने शिवले की ते वर्गाचं पुस्तक, आणि विकतच्या पुस्तकांपेक्षा तेच जास्त हाताळलं जायचं.

जशी बोलली तशी म्हणजे खरंच तशी. वर्गात एक मुलगा सटाण्याकडचा, वडील कामासाठी इकडे आलेले, घरात अहिराणी. तो म्हणाला, "मना डबा कोठे शे?" पूर्वीची मी असते तर आधी 'माझा डबा कुठे आहे' असं म्हणायला लावलं असतं. आता तसंच लिहिलं, तो हसला, वाचलं त्याने. दोन दिवसांनी खाली दुसऱ्या रंगाने 'माझा डबा कुठे आहे?' लिहिलं आणि सांगितलं की पुस्तकात असं लिहितात. दोन्ही वाचायला त्याला काही अडचण नव्हती, अडचण आपल्यालाच असते. ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी आली, दुसऱ्या दिवशी परिपाठात ती वाचून दाखवली तेव्हा मला हा मुलगा आठवत होता.

दिवाळीच्या आधी मुलं स्वतः लिहायला लागली. कोपऱ्यात एक डबा ठेवला, त्याला पत्रपेटी म्हटलं, शेजारी एका बाजूने कोऱ्या असलेल्या कागदांचे तुकडे. पहिली चिठ्ठी आली 'मडम मल भक लगल'. मॅडम, मला भूक लागली. काना, उकार, वेलांटी सगळं गायब, पण व्यंजनं सगळी जागच्या जागी. 'कालवड'वाल्या मुलीने 'कलवड' लिहिलं. मी लाल पेनने खोडलं नाही. उत्तराची चिठ्ठी लिहायची, त्यात तो शब्द बरोबर लिहिलेला यायचा, 'तुझी कालवड कशी आहे?' डिसेंबरपर्यंत काना बहुतेकांच्या लिखाणात आपोआप आला, उकार-वेलांट्या मार्चपर्यंत येत राहिल्या, ऱ्हस्व-दीर्घ मी यंदा धरलंच नाही.

यावरून एका भेटीत मला बोलणी खावी लागली. आलेल्या साहेबांनी वही उघडून 'कलवड' बघितलं आणि विचारलं, चूक तपासली का नाही? तोंडी समजावून पटलं नाही. पण माझ्याकडे एक फाइल होती, प्रत्येक मुलाचा दर महिन्याचा एक कागद, वर तारीख. त्याच मुलीचे ऑगस्टची रेघ, सप्टेंबरचं नुसतं नाव, ऑक्टोबरचं 'कलवड' आणि नोव्हेंबरअखेरचं 'कालवड मोटी झाली' असे चार कागद समोर ठेवले. ते बराच वेळ बघत बसले आणि शेऱ्यात 'नमुने ठेवले आहेत' एवढं लिहून गेले. मला ते पुरेसं होतं. काहीही करा पण ही फाइल ठेवा, ३० रुपयांची फाइल आहे, पालक, अधिकारी आणि आपण स्वतः खचलो की आपण, तिघांनाही ती लागते.

नोव्हेंबर जवळपास वाया. दिवाळीची सुट्टी, मग २० तारखेच्या मतदानाची ड्युटी, आणि परत आल्यावर वाटलं सगळं विसरले. दहा दिवस फक्त जुने खाकी कागद वाचले आणि गाडी रुळावर आली, घाबरायचं कारण नव्हतं.

जानेवारीत द्राक्षकाढणी सुरू झाली आणि ६ तारखेला पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांची चार मुलं वर्गात आली. दोघांकडे शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून मूळ शाळा देते ते) होतं, दोघांकडे काहीच नाही, पण कागद नाही म्हणून बसवून न घेणं असं करू नका, नाव घ्या, मुख्याध्यापकांमार्फत मूळ शाळेला कळवा, मागून होतं सगळं. ती मुलं आपसात कोकणी (कोकणा आदिवासींची बोली, गोव्याकडची कोकणी नव्हे) बोलायची आणि माझ्याशी काहीच नाही. डी.एड.ला असताना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यावरचं उत्तर पाठ केलं होतं, बोर्डी, कोसबाड, गुरं राखणाऱ्या मुलांमागे जाऊन भरवलेली कुरणशाळा. ते पाठ केलेलं उत्तर अकरा वर्षांनी कामाला आलं. दोन संध्याकाळी बागेतल्या पालांवर जाऊन बसले, गोष्टीचं एक पुस्तक घेऊन. चुलीवर भाकरी होत होती. मी चित्रातलं धान्य दाखवून नाचणी म्हटलं तर सगळी हसली, नागली! दुसऱ्या दिवशी वर्गातल्या कागदावर पहिला शब्द 'नागली' लिहिला आणि आमच्या गावातली मुलं पण म्हणाली, आमच्या घरी पण नागलीच म्हणतात. 'न'चं अक्षरकार्ड बदललं, नळाच्या जागी नागली.

२७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीला, दरवर्षी आमच्याकडे मोठी मुलं भाषणं करतात. यंदा पहिलीने स्वतःचं पुस्तक वाचलं, आठ खाकी पानं, प्रत्येकाचं एक वाक्य. अडखळत वाचलं, दोघं मध्येच थांबले, एकाने पाठ झालेलं म्हणून टाकलं. कालवडवाली मुलगी वाचताना आवाज फक्त पहिल्या दोन रांगांना ऐकू गेला. तिची आई मागे उभी होती.

एप्रिलमध्ये शेवटची तपासणी मी माझ्यासाठी केली. निपुण भारतमध्ये (लहान वर्गांतल्या मुलांना वाचन आणि गणित यावं म्हणून केंद्राचं अभियान) पहिलीच्या शेवटी अपेक्षा आहे की मुलाने न बघितलेल्या मजकुरातली चार-पाच सोप्या शब्दांची वाक्यं वाचावी. तोपर्यंत मजुरांची दोन मुलं परत गेली होती, पट २६. त्यातली १६ तसं वाचतात. सात मुलं शिकवलेल्या अक्षरांचे शब्द वाचतात पण वाक्यात अडकतात. तीन अजून अक्षरांवरच आहेत, त्यातला एक महिन्याला दहा दिवस यायचा आणि एकाला दिसायला कमी येतं हे मला फेब्रुवारीत कळलं, तेही खाकी कागदाच्या अगदी जवळ जायचा म्हणून. हे जुलैमध्ये कळायला हवं होतं. पहिल्या महिन्यातच प्रत्येकाला मागे उभं करून फळ्यावरचं चित्र ओळखायला लावा, आणि शंका आली तर शाळेच्या आरोग्य तपासणीची वाट न बघता पालकांना सांगा.

वर्षभरात माझ्या खिशातून साधारण २,३०० रुपये गेले. त्यातले खाकी कागद, मार्कर आणि ती पहिली १८ पुस्तकं हेच मोठे खर्च. पुन्हा करताना मी फ्लॅशकार्डांचा विकतचा संच घेणार नाही, ३५० रुपये गेले आणि मुलांनी चार दिवसांत सोडून दिला. खाकी कागद मात्र दुप्पट घेईन.

१ मेला निकाल झाला. निकालाबरोबर सुट्टीत पुस्तक घरी न्यायचं का असं विचारलं होतं, देऊ की नको असं दोन दिवस चाललं होतं मनात, ६८ पुस्तकांचं स्टॉक रजिस्टर शेवटी माझ्याच सहीचं आहे. मग एक वही केली, त्यात प्रत्येकाने आपलं नाव स्वतः लिहायचं आणि पुस्तकाचं नाव बघून उतरवायचं. १९ पुस्तकं गेली. कालवडवाल्या मुलीने विकतचं पुस्तक घेतलं नाही, सप्टेंबरच्या कागदांचं शिवलेलं पुस्तक मागितलं. त्याची नोंद रजिस्टरमध्ये नव्हतीच, वहीत तिनेच लिहिली. सगळ्यांनी १६ जूनला परत आणायची आहेत.